चढाई सकाळची, विसावा दुपारचा

वसंतातला डोंगर माणसाला अर्धाच दिवस देतो. नॉर्वे-फिनलंडच्या उत्तर टोकाला मार्च-एप्रिलमध्ये स्कीइंग करणाऱ्यांना हे चांगलं ठाऊक असतं. रात्री गोठलेला बर्फ सकाळी कडक आणि भरवशाचा असतो. ऊन चढलं की वरचा थर भिजतो, दुपारपर्यंत त्याचा लगदा होतो आणि घसरण्यातली मजा संपते. मग उरलेल्या दिवसाचं काय करायचं, याच्या तिकडे ठरलेल्या रीती आहेत. नॉर्वेत ईस्टरच्या सुट्टीत लोक डोंगरातल्या लाकडी घराच्या उन्हाकडच्या भिंतीला पाठ टेकून संत्री सोलत बसतात. फिनलंडमध्ये तापलेल्या दगडांवर पाणी शिंपडून वाफेत घाम काढतात. पंचावन्न लाख वस्तीच्या त्या देशात तीस लाखांच्या आसपास साउना आहेत आणि २०२० साली युनेस्कोने या साउना-संस्कृतीची अमूर्त वारसा म्हणून नोंद केली. सहल आखतानाच तिथे विसावाही आखलेला असतो.

महाराष्ट्रात बर्फ नाही, पण वसंतातल्या डोंगराचा हिशेब इथेही तोच आहे. तिकडे बर्फ वितळतो, इकडे कातळ तापतो. चैत्रात कळसूबाई चढायची तर उजाडायच्या आत पायथा सोडावा लागतो आणि ऊन डोक्यावर येण्याआधी खाली यावं लागतं. दुपारी बारालाच दिवसाचं मोठं काम उरकलेलं असतं. आपल्याकडचे बहुतेक ट्रेकर यानंतर गाडीत बसतात, घोटीपर्यंत झोपी जातात आणि रात्री घरी पोचतात. अहिल्यानगर जिल्ह्याच्या वायव्य कोपऱ्यातला अकोले तालुका खरा भेटतो तो मात्र त्यांनी सोडून दिलेल्या याच अर्ध्या दिवसात.

अहिल्यानगर हा क्षेत्रफळाने राज्यातला सर्वांत मोठा जिल्हा. पारनेर, कर्जत, जामखेड म्हटलं की अवर्षण, टँकर, चारा छावण्या डोळ्यांपुढे येतात. त्याच जिल्ह्याच्या पश्चिम कडेला घाटघर आहे आणि राज्यात सर्वाधिक पाऊस पडणाऱ्या गावांत त्याचं नाव घेतलं जातं. सह्याद्रीची मुख्य रांग अकोले तालुक्यातून जाते. कळसूबाई, रतनगड, हरिश्चंद्रगड हे सगळे याच तालुक्यातले. मुंबईहून येणाऱ्याला कसारा घाट चढून घोटीवरून आत वळावं लागतं. रेल्वेने आल्यास इगतपुरीला उतरून पुढे एसटी किंवा जीप घ्यायची. पुण्याकडून संगमनेर, अकोले, राजूर असा रस्ता आहे. बारी हे कळसूबाईचं पायथ्याचं गाव घोटी-भंडारदरा रस्त्यावरच लागतं. तिथून पुढे काही किलोमीटरवर शेंडी, म्हणजे भंडारदरा धरणाचं गाव.

आम्ही बारीतून निघालो तेव्हा चांदणं होतं. भाताची खाचरं कापणीनंतर कोरडी पडली होती आणि त्यांच्या बांधांवरून पायवाट जात होती. कळसूबाईची उंची १,६४६ मीटर. राज्यात याहून उंच जागा नाही. वाटेत सरळ कातळाचे टप्पे येतात, तिथे लोखंडी शिड्या बसवल्या आहेत. वाट कुठे चुकत नाही, पण दम काढते. आठशे मीटरच्या वर चढून जायचं असल्यामुळे बोलणं हळूहळू कमी होतं आणि शेवटच्या शिडीपर्यंत प्रत्येक जण आपापल्या श्वासाशी एकटा असतो.

माथ्यावर देवीचं छोटं मंदिर आहे. इथल्या लोककथेत कळसू ही कोळ्यांची मुलगी. डोंगरपायथ्याच्या इंदोरे गावात ती एका घरी कामाला राहिली, ती अट घालून: भांडी घासणार नाही, केर काढणार नाही. एक दिवस घरात पाहुणे आले आणि तिला नेमकी हीच कामं सांगितली गेली. तिने ती केली, पण त्यानंतर डोंगर चढून गेली ती परत आली नाही. तिने भांडी घासली ती जागा थाळेमेळ आणि केर टाकला ती काळदरा म्हणून दाखवतात. शब्द मोडला म्हणून घर सोडणाऱ्या या मोलकरणीला पुढे देवीपण आलं. नवरात्रात तिची यात्रा भरते आणि आसपासच्या गावांतल्या बायका एरवीच्या कामातून वेळ काढून एवढा डोंगर चढून येतात.

सकाळी हवा स्वच्छ असेल तर पश्चिमेला अलंग, मदन आणि कुलंग हे दुर्गत्रिकूट दिसतं. दक्षिणेला भंडारदऱ्याचं पाणी, त्यापलीकडे रतनगड. उत्तरेला त्र्यंबकची रांग. पूर्वेला बितनगड आणि त्याच्या पुढे सपाट माथ्याचा पट्टा किल्ला. फाल्गुन-चैत्रात क्षितिजावर धुरकट झाक असते, तरी पावसाळ्यापेक्षा दिसतं बरंच. पावसाळ्यात माथ्यावर आपल्याला आपलाच हात दिसला तरी पुष्कळ. नऊच्या सुमाराला शिडीच्या पायऱ्या हाताला गरम लागू लागल्या आणि आम्ही उतरायला लागलो.

उतरणं सोपं असतं हा समज डोंगरात नव्याने येणाऱ्यांचा. चढताना छाती दुखते, उतरल्यावर मांड्या दुखतात, आणि त्या दुसऱ्या दिवशी जास्त दुखतात. चढताना मांडीचा पुढचा स्नायू आखडत जोर लावतो. उतरताना तोच स्नायू लांबत असतो आणि लांबतानाच शरीराचं वजन आवरून धरतो. या लांबत्या ताणात स्नायूंच्या तंतूंना बारीक इजा होते आणि ती भरून येताना ठणका लागतो. दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असतं आणि मग आपोआप ओसरतं. दुखण्याचं खापर अजूनही लॅक्टिक आम्लावर फोडलं जातं, पण ते व्यायाम थांबल्यावर तासाभरात रक्तातून निघून जातं, तेव्हा परवाच्या ठणक्याचा दोष त्याच्याकडे जात नाही. स्कीइंगमध्येही गुडघे वाकवून उतारावर वजन तोलताना हाच स्नायू असाच राबतो. म्हणून कळसूबाई उतरलेला माणूस आणि लॅपलंडचा उतार घसरलेला माणूस दुसऱ्या सकाळी जिन्यावरून सारख्याच चालीने उतरतात.

शेंडीत आम्ही एका घरी मुक्काम ठरवला होता. गावातल्या बऱ्याच घरांनी आता पाहुण्यांसाठी एखाद-दोन खोल्या बांधल्या आहेत. पाठपिशव्या टेकवून आम्ही ओटीवर पाय पसरणार तोच घरच्या मावशी म्हणाल्या, "लगेच लोळू नका. आधी चार पावलं फिरून या. पाय बसले का मग उठत न्हाईत." एकदम थांबण्यापेक्षा थोडं हळू चालत राहिलं तर आखडलेपण कमी वाटतं. आम्ही गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आलो तोवर मावशींनी तांब्या भरून ताक आणून ठेवलं होतं. घामातून पाण्याबरोबर मीठही जातं, त्यामुळे नुसत्या पाण्यापेक्षा मीठ घातलेलं ताक किंवा लिंबाचं सरबत अशा वेळी जास्त उपयोगी. धरणाकाठी आल्यावर थंड बिअरची आठवण होणारे पुष्कळ असतात. दारूने लघवी वाढते आणि आधीच सुकलेलं शरीर आणखी सुकतं, एवढं लक्षात ठेवलेलं बरं.

मग आंघोळ. परसात चुलीवर हंडा चढवलेला होता. उन्हाळ्यात गरम पाणी कशाला, असं मनात आलं, पण पहिला तांब्या पाठीवर पडताच ते मागे घेतलं. फिनलंडच्या वाफेला इथे धुराचा वास असतो, एवढाच फरक. आंघोळीनंतर पायांना खुरासणीचं तेल. शहरात ज्याला कारळे म्हणतात तेच हे पीक. अकोल्याच्या डोंगरउतारांवरच्या वरकस जमिनीत ते घेतात आणि पाऊस सरताना त्याच्या पिवळ्या फुलांनी उतार भरून जातात. तेल खायला आणि चोळायला एकच. मालिशीने ठणका मुळापासून जात नाही, पण बराच सुसह्य होतो.

जेवायला हुलग्याचे शेंगोळे होते. हुलग्याच्या पिठात लसूण, मिरची, जिरं घालून पीठ मळायचं, हातावर वळून त्याच्या वेटोळ्या करायच्या आणि उकळत्या रश्श्यात शिजवायच्या. अकोले-संगमनेर-जुन्नर पट्ट्यातला हा घरचा पदार्थ पोटाला आधार देतो आणि त्याचा दाट रस्सा थकल्या अंगाला बरा वाटतो. सोबत नागलीची भाकरी, खुरासणीची चटणी आणि थोडा काळभात. काळभात हा इथला जुना, वासाचा तांदूळ. तो आणि त्याच्यासारखी देशी वाणं टिकली, त्यात या तालुक्यातल्या बायकांचा हात मोठा आहे. कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी भात, वाल, नागली, भाज्या यांच्या गावरान बियाणांची बँक घरातच उभी केली. कधी शाळेत न गेलेल्या राहीबाईंना 'बीजमाता' म्हणून महाराष्ट्र ओळखतो आणि त्यांना २०२० चा पद्मश्री जाहीर झाला. शेंडीतल्या ताटात जे वाढलं जातं, त्याच्यामागे असं कुणाकुणाचं राखलेलं बियाणं असतं.

दुपारी दोन ते चार झोप. याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही आणि सांगण्यासारखं एवढंच की ती टाळू नये.

ऊन कलल्यावर धरणाकडे गेलो. प्रवरेवरचं हे भंडारदऱ्याचं विल्सन धरण. काम १९१० मध्ये सुरू झालं आणि १० डिसेंबर १९२६ रोजी मुंबईचे तेव्हाचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. दगडी बांधकामाची ही भिंत ८२ मीटरच्या वर उंच आहे आणि त्या काळच्या देशातल्या सर्वांत उंच धरणांत ती गणली जाई. साठा ११ टीएमसीच्या आसपास. हे पाणी इथल्या पाहुण्यांसाठी अडवलेलं नाही. दुष्काळाने पिचलेल्या खालच्या तालुक्यांसाठी प्रवरेचे कालवे काढले गेले आणि या पाण्यावर श्रीरामपूर, राहाता, राहुरी भागात ऊस उभा राहिला. लोणीला विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने १९५० मध्ये सहकारी साखर कारखाना सुरू झाला. सहकारी साखर चळवळीचा इतिहास लोणीपासून सांगितला जातो, पण त्याचं पाणी इथून सुटतं.

म्हणून वसंतात येणाऱ्याने भरलेला तलाव पाहण्याची अपेक्षा ठेवू नये. उन्हाळी आवर्तनं सुटतात तसं पाणी मागे हटतं आणि काठाला मातीचे पट्टे उघडे पडतात. धरणाच्या पायथ्याचा अंब्रेला धबधबा वरच्या झडपेतून पाणी सोडलं तरच दिसतो. खाली काही किलोमीटरवरचा रंधा धबधबाही या दिवसांत बहुधा कोरडा असतो, कारण तिथलं पाणी बोगद्यातून कोदणीच्या वीजघराकडे वळवलं जातं. पण उतरलेल्या पाण्याचं वेगळं सुख असतं. काठावर पाणपक्षी जास्त दिसतात, बुडालेले बांध वर येतात आणि धरणाआधीच्या शेतांचा नकाशा पुन्हा उमटतो. पाण्यात पाय बुडवून बसावं, पोहायला मात्र उतरू नये. काठ गाळाचा आहे आणि उतार एकदम खोल जातो.

जलाशयाला इंग्रजांनी आर्थर लेक नाव दिलं होतं. आता तो आद्य क्रांतिकारक राघोजी भांगरे जलाशय आहे. राघोजी अकोले तालुक्यातल्या देवगावचे, महादेव कोळी समाजातले. सावकारी आणि इंग्रजी अंमल यांच्याविरुद्ध त्यांनी या डोंगरांत बंड उभारलं. २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात त्यांना फाशी झाली, म्हणजे १८५७ च्या उठावाच्या नऊ वर्षं आधी. ज्या दऱ्या आज आपल्याला निवांत वाटतात, त्यांनी राघोजींना आसरा दिला होता.

दुसऱ्या दिवशी पाय बोलू लागले होते. अशा वेळी दिवसभर पडून राहण्यापेक्षा सौम्य हालचाल बरी, म्हणून जलाशयाभोवतीची चाळीसेक किलोमीटरची फेरी गाडीने घेतली आणि जागोजागी उतरून थोडं थोडं चाललो. रतनवाडीत अमृतेश्वराचं काळ्या दगडाचं मंदिर आहे. शिलाहारांच्या काळातलं, झंज राजाने बांधलेलं, असं परंपरा सांगते. गोदावरी आणि भीमा यांच्या दरम्यान उगम पावणाऱ्या बारा नद्यांच्या उगमाशी त्याने बारा शिवालयं उभारली आणि हे प्रवरेचं, अशी कथा आहे. प्रवरा वरच्या रतनगडावरून येते. मंदिराच्या बाह्य भिंतीवर आणि शिखरावर नक्षी दाट आहे. शिखरावर लहान शिखरांच्या ओळी एकावर एक चढत जातात. पावसाळ्यात गाभाऱ्यात पाणी भरतं, चैत्रात तो कोरडा आणि गार असतो. जवळच्या पुष्करणीच्या कोनाड्यांत देवमूर्ती आहेत. बाहेर चाळीस अंशांकडे झुकणारं ऊन असताना मंडपात बसलं की दगडी बांधकामाची किंमत कळते.

रतनवाडी, साम्रद, घाटघर हा सगळा पट्टा कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. १९८६ मध्ये जाहीर झालेलं हे अभयारण्य सुमारे ३६२ चौरस किलोमीटरचं आहे. चैत्रात इथे कोवळ्या पालवीचा तांबूस रंग असतो. पांगारा आणि काटेसावर फुलून सरत आलेली, पळस अजून काही ठिकाणी पेटलेला, करवंदाच्या जाळ्या पांढऱ्या फुलांनी आणि हिरव्या फळांनी भरलेल्या. हिरड्याची झाडं जागोजाग आहेत. बाळहिरडा गोळा करून विकणं हे इथल्या आदिवासी कुटुंबांचं उन्हाळ्यातलं महत्त्वाचं उत्पन्न. दुपारी झाडाखाली जी चादर अंथरलेली दिसते ती सहलीची नसते, तिच्यावर हिरडा वाळत असतो. गाडी लावताना एवढं पाहावं. मेअखेरीला काजव्यांसाठी इथे गाड्यांची रांग लागते, हेडलाइट आणि गाणी यांनी जंगल भरून जातं. निवांतपणा हवा असेल त्याने त्याआधी यावं.

घाटघरला कोकणकड्याच्या टोकाशी जाऊन बसलो. खाली ठाणे जिल्ह्यातली दरी. या दोन पातळ्यांमधल्या उंचीचा उपयोग करून इथे २५० मेगावॉटचा वीजप्रकल्प २००८ मध्ये सुरू झाला. विजेची मागणी जास्त असते तेव्हा वरचं पाणी खाली सोडून वीज करतात आणि मागणी उतरली की तेच पाणी पंपाने परत वर चढवतात. थकायचं, मग पुन्हा भरून घ्यायचं, हे काम इथे यंत्रंही करतात.

परतीच्या वाटेवर राजूरला थांबून पेढे घेतले. राजूर पेढ्यांसाठी प्रसिद्ध आहे, आणि डांगी जनावरांसाठीही. पावसाच्या मुलखात टिकणारी, तेलकट कातडीची ही गाय-बैलांची जात. तिथून अकोले आणि तिरडे करत पट्टावाडीला गेलो. तिथे पट्टा किल्ला आहे, सुमारे १,३७० मीटर उंचीचा, पण गावच इतक्या उंचीवर की माथा तासाभराच्या आत गाठता येतो. दुखऱ्या पायांना झेपणारा हा किल्ला या फेरीत घेण्याचं कारण इतिहासात आहे.

नोव्हेंबर १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी जालना लुटलं. परतताना मोगली फौजांनी त्यांना संगमनेरच्या बाजूला गाठलं. लढाईत महाराजांचे सरदार सिधोजी निंबाळकर पडले. वेढा आवळत असताना त्यांचे हेर बहिर्जी नाईक यांनी आडवाटांनी महाराजांना या किल्ल्यावर सुखरूप आणलं. महाराज काही दिवस इथे राहिले, थकवा उतरवला आणि मग रायगडाकडे गेले. तेव्हापासून पट्ट्याला विश्रामगड म्हणतात. पुढे ३ एप्रिल १६८० रोजी रायगडावर त्यांचं निधन झालं, तेव्हा जालन्याची ही त्यांची शेवटची मोठी मोहीम ठरली.

विश्रामगडाचा माथा ऐसपैस आहे. पाण्याची टाकी पुष्कळ, पट्टाई देवीचं मंदिर, अंबरखान्याची दगडी इमारत आणि आजूबाजूच्या पठारावर पवनचक्क्या. पश्चिमेला कळसूबाई दिसते. लपायला, पाणी प्यायला आणि चारी बाजूंना नजर ठेवायला सोयीची जागा. थकलेल्या सेनापतीने विसाव्यासाठीही जागा विचार करून निवडली, हे इथे उभं राहिल्यावर समजतं.

या भागात जायचं असेल तर फाल्गुन ते चैत्र हा काळ धरावा. उजाडायच्या आधी चढायला लागावं, प्रत्येकी किमान तीन लिटर पाणी न्यावं, शिड्यांवर घाई करू नये आणि दुपारी वर थांबू नये. शनिवार-रविवारी शिड्यांवर रांगा लागतात, म्हणून जमल्यास मधला वार निवडावा. प्लास्टिक परत आणावं. मुक्काम आणि जेवण गावातल्या घरी करावं, म्हणजे तुमच्या सहलीचे चार पैसे शेंडी, बारी, रतनवाडीत राहतील आणि अंगातला ठणकाही तिथेच अर्धा उतरेल. कळसूबाई करून त्याच संध्याकाळी घर गाठण्याचा बेत असेल, तर एक रात्र वाढवा. डोंगर त्या रात्रीशिवाय अर्धाच होतो.